बचत गटाची पेटी, कोषाध्यक्ष ताईंचा लोभ आणि परतीची वाट

वहीखाते (धागाकर्ता)

महिला बचत गटांत पैशाची अफरातफर झाली की गावात दोनच गोष्टी होताना दिसतात. एक तर त्या बाईला भर बैठकीत चोर ठरवतात, नाहीतर "जाऊ दे, आपलीच आहे" म्हणून विषय मिटवतात. पहिल्यात माणूस जातो आणि त्याच्याबरोबर पैसाही. दुसऱ्यात गट जातो. या दोन्हींच्या मधली वाट अवघड आहे, पण ती चालते. त्याचे बारकावे इथे मांडतो. जाणकारांनी भर घालावी.

आधी लोभ कसा शिरतो ते पाहू. गट पंचसूत्रीने सुरू होतो: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. वर्ष-दोन वर्षांनी पेटीत रोख साचू लागते. त्या महिन्यात गटात कर्ज मागणारं कुणी नसतं आणि बँक तालुक्याला. त्याच वेळी गावात कुणीतरी शेकडा पाचने पैसे शोधत असतो. गटाचा दर शेकडा दोन. कोषाध्यक्ष ताईंना हिशोब पाठ असतो: दहा हजार बाहेर फिरवले तर महिन्याला पाचशे हातात. "पुढच्या बैठकीआधी परत ठेवते" असं मनाशी म्हणून पहिली नोट बाहेर जाते. पहिल्या वेळी पैसे खरोखरच परत येतात, व्याजासह, आणि कुणाला कळत नाही. दुसऱ्या वेळी रक्कम मोठी होते. तिसऱ्या वेळी घेणारा बुडवतो किंवा टाळाटाळ करतो, आणि मग वहीत खाडाखोड सुरू होते.

लपवण्याचे प्रकार ठरलेले असतात. सभासदाचा हप्ता तिच्या पासबुकात लिहायचा, पण रोखवहीत चढवायचा नाही. एखादीच्या नावावर न घेतलेलं कर्ज दाखवायचं. कोऱ्या विड्रॉल स्लिपवर आधीच सह्या घेऊन ठेवायच्या.

म्हणून या मधल्या वाटेची, म्हणजे दयेची, पहिली पायरी अचूक रक्कम. "किती?" हे कळल्याशिवाय कुणाशी काही बोलू नये. संशयावर केलेली चौकशी निरपराध बाईलाही उद्ध्वस्त करते. पडताळणीसाठी बँकेचं पासबुक आजच्या तारखेपर्यंत छापून घ्या, पेटीतली रोख दोघींनी मोजा, सर्व सभासदांची वैयक्तिक पासबुकं मागवून खातेवहीशी ताडून पाहा. सगळ्यांचीच मागवायची, म्हणजे एकीवर बोट राहत नाही.

समजा गट १२ जणींचा, महिना २०० रुपये बचत, ३६ महिने झाले. बचत ८६,४००. आजवरचं व्याज ४१,२००. दंड व इतर १,१५०. फिरता निधी (सरकारी अभियानाकडून गटाला मिळालेली रक्कम) १५,०००. बेरीज १,४३,७५०. वह्या, प्रवास, बँक खर्च मिळून ३,२५० वजा. म्हणजे गटाकडे १,४०,५०० दिसायला हवेत. प्रत्यक्षात सभासदांकडे कर्ज येणे (त्यांच्या पासबुकांनुसार) ९८,०००, बँकेत २२,३००, पेटीत १,६००. एकूण १,२१,९००. तफावत १८,६००.

हा आकडा हातात आला की निम्मी भांडणं होतच नाहीत. गावात तोवर "लाखभर खाल्ले" अशी आवई उठलेली असते. खरा आकडा त्या ताईंचंही रक्षण करतो.

---

कृष्णाकाठ

उत्तम मांडणी. आकडा कळल्यावर बोलायला कुणी जायचं, यावर लिहितो, कारण नव्वद टक्के काम इथे बनतं किंवा बिघडतं.

दोघींनीच जावं. एक गटातली वयाने मोठी आणि भांडखोर नसलेली, दुसरी हिशोब कळणारी. त्यांच्या घरी सासू-नवरा-मुलांसमोर नको, ओट्यावर नको, फोनवर तर नकोच. ज्या घरात एरवी बैठक होते तिथे, बैठकीच्या दोन-तीन दिवस आधी, दुपारच्या वेळी. रात्री नको. पहिलं वाक्य आरोपाचं नसावं. "वहिनी, वही जुळत नाही. अठरा हजार सहाशेचा फरक येतोय. तुमच्या लक्षात काय येतं ते सांगा, आम्ही लिहून घेतो." एवढं बोलून थांबायचं. गप्प बसवत नाही म्हणून लोक मध्येच "असं का केलंत?" विचारतात आणि समोरची बाई कारणं सांगू लागते. कारणं नंतर. आधी रक्कम, तारखा आणि पैसा आत्ता कुठे आहे.

बऱ्याचदा पहिल्या दिवशी निम्मीच रक्कम कबूल होते. त्यावर चिडू नये. "ठीक, हे ९,००० लिहिले. उरलेले वहीत शोधू, तुम्हीही आठवा," म्हणून एक दिवस द्यावा. दुसऱ्या दिवशी उरलेलं बाहेर येतं, कारण आता लपवण्यापेक्षा सांगणं सोपं झालेलं असतं.

---

निशिगंध_०७

त्या एका दिवसाबद्दल एक गंभीर गोष्ट. गुपित उघडं पडल्यानंतरचे पहिले चोवीस तास फार धोक्याचे असतात. गावात अब्रू म्हणजे सगळं काही. शेतात औषधाची बाटली असते, विहीर जवळ असते. त्या रात्री त्यांच्या विश्वासातलं कुणीतरी सोबत असलंच पाहिजे: बहीण, जाऊ, मैत्रीण. "उद्या सकाळी मी येते, आपण मिळून हप्ते ठरवू" असं उद्याचं पक्कं काम सांगूनच उठायचं. "माझं आता काही खरं नाही", "पोरांकडे बघा" अशी भाषा आली तर एकटं सोडू नये आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर लगेच फोन करावा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

---

शिस्तप्रिय

मतभेद नोंदवतो. गरिबांचे पैसे आहेत. धुणीभांडी करून, ऊसतोडीला जाऊन जमवलेले. त्यांनी दया दाखवायची आणि लोभ करणारीने हप्ते पाडून घ्यायचे? हा गुन्हा आहे. विश्वासाने सोपवलेला पैसा स्वतःसाठी वापरणं म्हणजे फौजदारी न्यासभंग, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१६. तक्रार झालीच पाहिजे, नाहीतर उद्या दुसरी करेल.

---

वहीखाते

गुन्हा आहे यात वाद नाही, आणि तक्रारीचा हक्क गटाकडे कायम राहतो. पण १८,६०० साठी फिर्याद झाली की पुढे काय होतं ते पाहा. वह्या मुद्देमाल म्हणून जातात, गटाचं कामकाज थांबतं, बँकेचं कर्ज असेल तर हप्ते थकतात. ९० दिवस थकले की खातं एनपीए (थकीत, अनुत्पादक कर्ज) आणि पुढचं कर्ज बंद. अकरा जणी तारखांना जातात आणि त्या ताई वकिलाची फी भरण्यात मोडतात. पैसा कुणालाच मिळत नाही.

दया म्हणजे सूट असं समजू नका. रकमेतला एक रुपयाही सोडायचा नाही. सोडायचा आहे तो अपमान. कर्ज फेडण्याची ताकद शाबूत ठेवली तरच ते फिटतं, आणि अपमानित माणसाची ती ताकद सगळ्यात आधी जाते.

---

तालुका_समन्वय

शिस्तप्रिय यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. कुठे ही वाट लागू नाही ते स्पष्ट असावं. दुसऱ्यांदा घडलं, दुसऱ्याच्या खोट्या सह्या करून बँकेचं कर्ज उचललं, सभासदांना धमकावलं, किंवा वह्या समोर असूनही साफ नाकारलं, तर ग्रामसंघ (गावातल्या गटांचा संघ), तालुका अभियान व्यवस्थापन कक्ष (उमेद अभियानाचं तालुक्याचं कार्यालय), बँक शाखा आणि पोलीस यांच्याकडे जावं. तिथे गटाने स्वतः न्याय करत बसू नये.

बाकी प्रकरणांत गटाच्या बैठकीत लेखी ठराव हवा. तोंडी समझोता सहा महिन्यांत विरतो. ठरावात तफावतीची रक्कम, ती कशी काढली, संबंधित सभासदाची कबुली, हप्ता, व्याज, पहिल्या हप्त्याची तारीख, हप्ता चुकल्यास काय, आणि सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे. एक प्रत ग्रामसंघाकडे. इतिवृत्तात "चोरी", "अपहार" असले शब्द न लिहिता "हिशोबातील तफावत रु. १८,६००, जबाबदारी मान्य" असं लिहावं. ठराव तेवढाच पक्का राहतो आणि त्या बाईच्या मुलीच्या लग्नात तो कागद कुणी काढून दाखवत नाही.

त्याच बैठकीत सह्यांचे अधिकार बदलायचे. ठरावाची प्रत आणि नव्या पदाधिकाऱ्यांची केवायसी कागदपत्रं दुसऱ्याच दिवशी बँकेत द्या. खात्याला जोडलेला मोबाइल नंबरही बदला. हे हमखास विसरतं. एसएमएस जुन्याच फोनवर जात राहतात आणि नव्या कोषाध्यक्षांना काही कळत नाही.

---

उसाचा_फड

व्याज लावायचं की नाही? आमच्या भागात यावरच गट फुटतात. काही म्हणतात बिनव्याजी द्या, काही म्हणतात दुप्पट लावा.

---

वहीखाते

दुप्पट दर म्हणजे सूड. बिनव्याजी दिलं तर नियमाने कर्ज घेऊन शेकडा दोन भरणाऱ्या बाकीच्या मूर्ख ठरतात, आणि तो राग आज ना उद्या त्याच ताईंवर निघतो. गटाचा जो दर तोच लावावा.

१८,६०० ला महिना १,००० मुद्दल धरली तर १८ हप्ते हजाराचे आणि १९वा ६०० चा. घटत्या शिलकीवर शेकडा दोनने एकूण व्याज ३,६४८ होतं. पहिल्या महिन्यात ३७२, मग दरमहा २० रुपयांनी कमी. म्हणजे पहिला हप्ता १,३७२, शेवटचा ६१२. मजुरीच्या घरात सुरुवातीचे हप्ते जड जात असतील तर पहिले तीन महिने ५०० मुद्दल ठेवा आणि मुदत वाढवा. मोठा हप्ता ठरवून तो चुकण्यापेक्षा लहान हप्ता वेळेवर आलेला बरा. वेळेवर भरलेला प्रत्येक हप्ता त्यांची पत परत आणतो.

हप्ता भरण्यासाठी त्यांनी मायक्रोफायनान्सचं किंवा सावकाराचं कर्ज घेऊ नये, हे स्पष्ट सांगावं. "उद्याच्या उद्या सगळे आणून टाका" असा दबाव आणला की हेच होतं. गटाचे पैसे मिळतात आणि ते घर वर्षभरात बसतं.

---

मोगरा

बाहेर फिरवलेल्या पैशावर त्यांनी जे शेकडा पाचने व्याज खाल्लं त्याचं काय? लोभाचा नफा त्यांच्याकडेच राहिला तर त्या सुधारणार कशा?

---

कृष्णाकाठ

बरोबर प्रश्न. तो नफा गटाचा आहे, कारण पैसा गटाचा होता. हातात आलेलं व्याज किती ते त्यांच्याकडूनच लिहून घ्यायचं आणि "इतर जमा"मध्ये भरायला लावायचं, हवं तर हप्त्यांत. आपण अंदाजाने आकडा फुगवायचा नाही. लोकांना वाटतं की त्या कमीच सांगतील. सांगतीलही. पण स्वतः होऊन सांगितलेले ८०० रुपये बदलाच्या दृष्टीने मोलाचे असतात. वसूल केलेले दोन हजार फक्त वसुली असते.

बाहेरच्या माणसाकडे अडकलेली रक्कम गटाने परस्पर मागायला जाऊ नये. गटाचा त्याच्याशी व्यवहार नाही. शिवाय परवान्याशिवाय व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणं हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली गुन्हा आहे, तेव्हा गटाचं नाव त्यात नको. त्या ताईंनी मुद्दल मागावी, व्याज सोडून द्यावं आणि आलेली रक्कम त्याच दिवशी पावतीने गटात भरावी. ती जादा परतफेड म्हणून मुद्दलातून वजा होते.

---

कोरी_पाटी

वहीत नोंद कशी करायची? जुनी पानं दुरुस्त करायची का?

---

वहीखाते

जुन्या पानाला हात लावायचा नाही. व्हाइटनर नाही, खोडणं नाही, नवी वही करून जुनी जाळणं तर अजिबात नाही. ज्या दिवशी ठराव झाला त्या तारखेला रोखवहीच्या जमा बाजूला न चढवलेले हप्ते नावनिशी लिहायचे, शेऱ्यात "पूर्वी नोंद राहिलेली, ठराव क्र. अमुक". वरच्या उदाहरणात यामुळे वहीतली रोख २०,२०० होते, पेटीत मात्र १,६०० असतात. मग नावे (खर्चाच्या) बाजूला त्या ताईंच्या नावाने कर्ज १८,६०० लिहायचं. रोख परत १,६०० वर येते. आता कर्ज येणे १,१६,६००, बँक २२,३००, रोख १,६००, एकूण १,४०,५००. वही जुळली. खातेवहीत त्यांचं स्वतंत्र पान, इतर कर्जदारांसारखंच.

---

शिस्तप्रिय

हिशोब पटला. एक विचारतो: त्यांची बचत जमा आहे ना? ३६ महिन्यांचे ७,२००. ती वळती करून घेतली तर थेट ११,४०० उरतात. सोपं नाही का?

---

तालुका_समन्वय

सोपं आहे, पण तसं करू नका. बचत शून्य झाली की त्यांचं गटात काहीच उरत नाही, आणि ज्याचं काही उरत नाही तो येणं बंद करतो. बचत तशीच ठेवावी, ठरावात फक्त "परतफेड पूर्ण होईपर्यंत काढता येणार नाही" एवढी अट घालावी. दरमहा २०० ची बचतही चालू ठेवावी. हप्ता आणि बचत दोन्ही घेऊन त्या बैठकीला येतात तेव्हा त्या कर्जदार असतात आणि मालकही. माणूस पुन्हा उभा राहायला हे दुसरं नातं लागतं.

नवीन कर्ज निम्मी रक्कम फिटेपर्यंत नाही. आजारपण आणि बाळंतपण मात्र अपवाद. लेकरू दवाखान्यात असताना "आधीचे फेडा" म्हणणारा गट त्यांना पुन्हा त्याच शेकडा पाचच्या दारात उभं करतो.

---

निशिगंध_०७

बैठकीत वागायचं कसं, यावर थोडं. त्यांची जागा तीच, गोलातली. हजेरीत नाव त्याच क्रमाने. हप्ता आला की कोषाध्यक्षांनी इतरांसारखाच मोठ्याने वाचायचा: "हजार मुद्दल, तीनशे बावन्न व्याज, जमा." ना टाळ्या, ना टोमणे. नवऱ्याला बोलावून समज देणं हा प्रकार अनेक गट करतात, तो टाळावा. त्याने घरात मार बसतो आणि गटाचा विषय पुरुषांच्या हाती जातो. गटातली गोष्ट गटातच राहील याची शपथ घालण्यापेक्षा ज्या दोघी बोलायला गेल्या होत्या त्यांनी प्रत्येकीला स्वतंत्र भेटून सांगावं: बाहेर बोललात तर हप्ते थांबतील, नुकसान तुमचं. हे पटतं.

रोख हाताळायला द्यायची नाही, हे ठामपणे. पण काम द्यायचं. बैठकीचा निरोप देणं, इतिवृत्त लिहिणं, आजारी सभासदाकडे जाऊन येणं. लोभात सापडलेली व्यक्ती बहुतेक वेळा गटातली हुशार, धडपडी बाई असते. तिला वर्षभर कोपऱ्यात बसवलं तर तिची हुशारी वाया जाते आणि मनात कडवटपणा साठतो.

---

उसाचा_फड

हे सगळं झाल्यावरचं. मुळात मोहच पडू नये म्हणून?

---

कृष्णाकाठ

मोहाच्या तोंडी माणसाला उभं न करणं हीसुद्धा करुणाच आहे, आणि ती सगळ्यात स्वस्त पडते. पेटी एकीकडे, चावी दुसरीकडे, वही तिसरीकडे. बैठक सुरू होताना मागची शिल्लक आणि संपताना आजची शिल्लक मोठ्याने सांगायची. जमलेली रक्कम त्याच बैठकीत कर्जाऊ वाटायची. उरलेली दुसऱ्या दिवशी बँकेत, किंवा गावात बीसी सखी (बँकेची गावातली प्रतिनिधी) असेल तर तिच्यामार्फत खात्यात. कोऱ्या स्लिपवर सही करायची नाही, अध्यक्ष ताई कितीही घाईत असल्या तरी. पदाधिकारी ठरलेल्या मुदतीने बदलायचे, चांगलं काम असलं तरी.

एक गोष्ट फार कमी गट करतात. कोषाध्यक्षांना बँकेत जायचं एसटीचं भाडं आणि बुडालेल्या मजुरीचा काही भाग गटाने ठरावाने द्यावा. दिवसाची मजुरी बुडवून, पदरचे पैसे घालून वर्षानुवर्षं फुकट राबायला लावलं की पेटीतून चाळीस रुपये भाड्याचे घेतले जातात. ते कुणाला वावगं वाटत नाही, नोंदही होत नाही. पुढच्या मोठ्या रकमेची सवय तिथेच लागते.

---

मोगरा

शेवटचा हप्ता आल्यावर काही वेगळं करायचं का? आणि पुन्हा कोषाध्यक्ष होता येईल?

---

तालुका_समन्वय

इतिवृत्तात "ठराव क्र. अमुकची पूर्ण परतफेड, खाते निरंक" असा नवा ठराव, बचतीवरची अट रद्द, ग्रामसंघाकडच्या प्रतीवरही तीच नोंद. खातेवहीतल्या त्यांच्या पानावर शिल्लक शून्य, खाली अध्यक्ष-सचिवांच्या सह्या आणि तारीख. या दिवसानंतर त्यांना कर्ज मागण्याचा, मतदानाचा, पदाचा हक्क इतरांइतकाच.

पदाबाबत आधी सचिव करावं, रोखीचं काम नंतर. सचिवपदाची एक मुदत वह्या जुळत राहिल्या तर कोषाध्यक्षपदासाठी नाव सुचवायला हरकत नाही, पण त्यांनी स्वतः "नको" म्हटलं तर आग्रह करू नये. आणि त्या कोषाध्यक्ष झाल्या तरी चावी दुसरीकडेच.